वाचनालयाचे पहिले वेबपान आणि त्यावरचे अभिप्राय

तालुक्याच्या गावातील एका 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल म्हणून काम करते. मागच्या उन्हाळ्यात वाचनालयासाठी एक वेबपान करावे असे मी ठरवले, कारण दिवसभर येणाऱ्या फोनांपैकी बरेचसे फोन "आज उघडं आहे का?" आणि "वर्गणी किती आहे?" एवढेच विचारण्यासाठी असत. एमएस-सीआयटीची परीक्षा मी पूर्वी दिली होती, पण वेबपान ज्यात लिहितात ते एचटीएमएल आणि पानाचे रंग-आकार ठरवणारे सीएसएस यांची मला काहीच माहिती नव्हती. संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर रोज तासभर धडे वाचत आणि त्यांतली उदाहरणे स्वतः टंकून पाहत सुमारे दोन महिन्यांत मी ते पान उभे केले. त्यानंतरचा दीड महिना त्यावर लोकांचे अभिप्राय घेण्यात आणि दुरुस्त्या करण्यात गेला. हे लेखन त्या दीड महिन्याविषयी आहे.

पानाची मूळ मांडणी आधी सांगते. सर्वांत वर इमारतीचे मोठे छायाचित्र होते, त्याखाली अध्यक्षांचे मनोगत, मग संस्थेचा इतिहास, व्याख्यानमालेची छायाचित्रे, वर्गणीच्या फलकाचा फोटो, नव्या पुस्तकांची यादी आणि अगदी शेवटी वाचनालयाच्या वेळा व दूरध्वनी क्रमांक. आमचा वार्षिक अहवाल ज्या क्रमाने छापला जातो, तोच क्रम मी नकळत उचलला होता. हा क्रम कोणाच्या सोयीचा आहे, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नव्हता.

पान चढवल्यावर त्याचा दुवा मी सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवला आणि "पान कसे वाटले ते कळवा" असे लिहिले. दोन दिवसांत तीसहून अधिक उत्तरे आली. "छान", "अभिनंदन ताई", "स्तुत्य उपक्रम", हात जोडलेली चित्रे. ती सगळी उत्तरे मनापासून दिलेली होती आणि मला त्यांचा आनंदही झाला, परंतु त्यांतून पानाविषयी एकही गोष्ट कळली नाही. यात दोष उत्तर देणाऱ्यांचा नव्हता, माझ्या प्रश्नाचा होता. वाचनालयाच्या टेबलावर एखादा वाचक येऊन "काहीतरी चांगलं द्या" म्हणतो, तेव्हा आम्ही त्याला लगेच पुस्तक देत नाही. शेवटचे कोणते पुस्तक आवडले, कादंबरी हवी की चरित्र, प्रवासात वाचायचे आहे की घरी, असे दोन-तीन प्रश्न विचारून त्याची गरज नेमकी करून घेतो. जे मी रोज वाचकाच्या बाबतीत करते, तेच मला स्वतःच्या पानाच्या बाबतीत सुचले नव्हते.

पहिला उपयोगी अभिप्राय पुण्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याकडून आला. तो एका कंपनीत संकेतस्थळांचेच काम करतो. त्याने पान उघडून जसे दिसले तसे त्याचे चित्र मला पाठवले आणि फोन केला. "मावशी, तुला फोटो दिसतायत का? मला एकही दिसत नाहीये. आणि पुस्तकांच्या यादीत नुसती इंग्रजी अक्षरं आहेत." माझ्या संगणकावर सगळे व्यवस्थित दिसत असल्यामुळे मला प्रथम ते खरेच वाटेना. त्याने शांतपणे एकेक कारण उलगडून सांगितले. काही छायाचित्रांचा पत्ता मी माझ्याच संगणकातल्या सी ड्राइव्हचा दिला होता, त्यामुळे ती फक्त माझ्या संगणकाला सापडत होती. उरलेल्या छायाचित्रांच्या नावांत 'जेपीजी' ही शेवटची अक्षरे फाइलमध्ये मोठ्या लिपीत होती आणि पानात मी ती लहान लिपीत लिहिली होती. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत असा फरक मानत नाही, पण आमचे पान इंटरनेटवरच्या ज्या लिनक्स सर्व्हरवर, म्हणजे पाने साठवणाऱ्या संगणकावर, होते तो मानतो, म्हणून घरी दिसणारे छायाचित्र तिथे हरवत होते.

यादीचा प्रश्न याहून खोल होता आणि तो महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या कार्यालयाला भेडसावणारा असेल. पानावरची नव्या पुस्तकांची यादी युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना सारखीच कळणारी अक्षरपद्धती, नसलेल्या जुन्या फॉन्टात टंकलेली होती. अशा फॉन्टात संगणकाच्या लेखी साठवलेली अक्षरे रोमनच असतात, फक्त फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. तो फॉन्ट माझ्या संगणकात असल्यामुळे मला मराठी दिसत होते, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याला रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन पुंजका दिसत होता. गुगलवर पुस्तकाचे नाव शोधणाऱ्यालाही आमची यादी कधीच सापडली नसती. जुन्या फॉन्टातला मजकूर बदलून देणारा परिवर्तक वापरून मी यादी युनिकोडमध्ये आणली, पण 'ऱ्या', 'ऱ्हा' यांसारखी जोडाक्षरे आणि काही रफार चुकीच्या जागी गेले, त्यामुळे प्रत्येक ओळ पुस्तके दाखल करून घेतो त्या मूळ दाखलनोंदवहीशी ताडून पाहावी लागली. त्यात नऊ संध्याकाळी गेल्या.

भाच्याने आणखी एक गोष्ट सुचवली, जिच्यामुळे पुढचे सगळे बदलले. तो म्हणाला, "कसं वाटलं म्हणून विचारू नकोस. एखादं काम दे आणि गप्प बसून बघ. पाच जण पुरेत." पाच जणांना वापरायला देऊन पाहिले तर बहुतेक मोठे दोष उघडे पडतात, असे वेबपाने वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले होते आणि त्याच्या क्षेत्रात ते सर्वांना ठाऊक आहे, हे त्याने मला नंतर सांगितले. मी कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन कामे लिहिली: रविवारी संध्याकाळी वाचनालय उघडे असते का ते शोधा; घरातल्या दोघांसाठी सभासद व्हायचे तर किती पैसे लागतील ते सांगा; नव्या पुस्तकांत एखादे चरित्र आहे का ते पाहा. मग येणाऱ्या सभासदांपैकी ज्यांना वेळ होता त्यांना त्यांच्याच फोनवर पान उघडायला सांगून मी शेजारी वही घेऊन बसले.

गप्प बसणे अतिशय कठीण गेले. निवृत्त झालेल्या एका परिचारिकाबाईंना पहिल्याच कामाला चार मिनिटे लागली. त्यांच्या फोनवर पान एवढे बारीक दिसत होते की दोन बोटांनी मोठे करून, डावीकडे-उजवीकडे सरकवत त्यांना ते वाचावे लागत होते. फोनच्या रुंदीप्रमाणे पान बसवण्याची व्ह्यूपोर्टची एक ओळ मी लिहिलेली नव्हती. ती नसली की फोन पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून चालतो आणि ते सगळे छोट्या पडद्यावर आक्रसून दाखवतो. त्या बाई "माझेच डोळे आता अधू झालेत" असे म्हणाल्या, तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण चूक माझ्या पानाची होती आणि तिचा भार त्या स्वतःवर घेत होत्या. हे मी नंतर सर्वच वाचकांच्या बाबतीत पाहिले. सापडले नाही की माणूस पानाला बोल लावत नाही, "मला कळत नाही यातलं" असे म्हणतो. म्हणूनच नुसते मत विचारून दोष कळत नाहीत.

स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करायला आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाने पान उघडले आणि ते उघडेपर्यंत तो दुसरेच काहीतरी पाहू लागला. मी फोनने काढलेली सहा छायाचित्रे जशीच्या तशी चढवली होती. प्रत्येक छायाचित्र ४००० बाय ३००० पिक्सेलचे आणि चार एमबीच्या आसपास. म्हणजे वेळ पाहायला आलेल्या माणसाचा चोवीस एमबी डेटा मी खर्च करत होते. त्याच मुलाने "वाचनालय सदैव आपल्या सेवेत" या ओळीवर तीनदा बोट ठेवले आणि काही होत नाही म्हणून माझ्याकडे पाहिले. भर देण्यासाठी मी ती ओळ अधोरेखित केली होती. छापील पत्रिकेत अधोरेखन म्हणजे महत्त्वाचे वाक्य, पण वेबपानावर अधोरेखन म्हणजे दुवा. हा संकेत त्याच्या बोटांना माहीत होता आणि मला नव्हता.

दुसऱ्या कामात पाचांपैकी चार जण अडले. वर्गणीची माहिती पानावर होती, पण ती भिंतीवरच्या फलकाच्या फोटोत होती, आणि तो फोटो फोनवर आला की अनामत रकमेचा आकडा आणि मासिक वर्गणीचा आकडा यांतला फरक दिसत नव्हता. तिसरे काम मात्र सगळ्यांनी केले, कारण तोपर्यंत यादी युनिकोडमध्ये आली होती आणि विषयवार लावलेली होती. वहीत मी जे लिहून घेतले त्यात माझे स्पष्टीकरण कुठेही लिहायचे नाही, असा मी नियम केला होता. "पुढे खाली आहे ना ते" असे म्हणायला जीभ अनेकदा उचलली गेली, पण घरी बसून पान पाहणाऱ्याच्या शेजारी मी असणार नव्हते.

ज्या अभिप्रायाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले, तो आमच्या एका सभासदांचा. ते संगीत शिकवतात, त्यांना जन्मापासून दिसत नाही, आणि मुलीसाठी पुस्तके न्यायला व व्याख्यानमालेला ते नियमित येतात. ते फोन वापरतात हे मी रोज पाहत होते, तरी माझे पान तेही वाचतील हे माझ्या मनात आले नव्हते. पानाच्या या परीक्षेचे ऐकून त्यांनीच विचारले, "बाई, मीही बघू का?" त्यांच्या अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक चालू असते. पडद्यावर बोट फिरवले की त्याखाली जे असेल ते फोन बोलून सांगतो. त्यांनी पान उघडले आणि फोनने छायाचित्राच्या जागी फाइलचे नाव, म्हणजे चार रोमन अक्षरे आणि चार आकडे, असे वाचून दाखवले. असे सहा वेळा झाले. छायाचित्राला ऑल्ट हे वर्णन द्यायचे असते हे मी धड्यात वाचले होते, पण छायाचित्र दिसते आहे तर ते कशाला, असे वाटून सोडून दिले होते.

त्यानंतर मराठी मजकूर आला आणि फोन तो नीट उच्चारीना. काही ओळी तो तुटक बोलला, काही गाळल्या. त्यांनी पान थांबवले आणि म्हणाले, "यानं हे पान इंग्रजी समजून वाचायला घेतलंय." ते खरे होते. पानाचा सांगाडा मी धड्यातल्या उदाहरणावरून उचलला होता आणि त्याच्या पहिल्याच ओळीत भाषा म्हणून इंग्रजी लिहिलेली होती. मग त्यांनी मथळ्यांवरून उड्या मारत पान चाळण्याचा प्रयत्न केला, कारण दिसणारा माणूस जशी वरवर नजर फिरवतो तसे ते मथळे ऐकत जातात. पण माझ्या पानात नीट लावलेले मथळे नव्हतेच. पहिल्या पातळीचा मथळा फार मोठा दिसतो म्हणून काही ठिकाणी मी चौथ्या पातळीचा घेतला होता आणि बाकी ठिकाणी साधाच मजकूर ठळक केला होता. शेवटी त्यांनी दुव्यांची यादी ऐकली. फोन म्हणाला, "इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा. इथे क्लिक करा." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "चारही दारांवर 'दार' अशीच पाटी आहे," एवढेच म्हणाले. तो दिवसभर त्यांचा आवाज माझ्या कानात राहिला.

त्याच आठवड्यात आमचे जुने सभासद असलेल्या एका निवृत्त मराठी शिक्षकांनी पानाची छापील प्रत मागून घेतली आणि तांबड्या शाईने तपासून परत दिली. 'वतिने' याचे 'वतीने', 'करीता' याचे 'करिता', 'आणी' याचे 'आणि' अशा सतरा दुरुस्त्या होत्या. समासात त्यांनी लिहिले होते की ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची उमटली आहेत, आणि शासनाने २००९ साली ठरवून दिलेल्या वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहे. मथळ्यातली अक्षरे एकमेकांपासून सुटलेली का, असाही प्रश्न होता. इंग्रजी मथळे मोकळे दिसावेत म्हणून अक्षरांत अंतर टाकतात ते पाहून मी दोन पिक्सेलचे अंतर दिले होते आणि त्यामुळे प्रत्येक शब्दाची शिरोरेखा तुटली होती. ओळींमधले अंतरही इंग्रजी मजकुराच्या हिशोबाने ठेवल्यामुळे वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना भिडत होते. ते मी वाढवून अक्षराच्या १.६ पट केले.

ल आणि श यांचे काय करायचे ते मला कळेना, म्हणून भाच्याला विचारले. त्याने मला पहिल्या ओळीतली भाषा इंग्रजीऐवजी मराठी करायला सांगितली. आम्ही निवडलेल्या युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणांची अक्षरे होती आणि पानाची भाषा मराठी आहे असे कळताच तो मराठी वळणाची अक्षरे देऊ लागला. त्याच दुरुस्तीनंतर संगीतशिक्षकांच्या फोनने मराठी मजकूर मराठी आवाजात सलग वाचला. गुरुजींच्या डोळ्यांना जे खटकले आणि संगीतशिक्षकांच्या कानांना जे खटकले, त्याचे मूळ एकाच ओळीत होते. या दोघांची एकमेकांशी फारशी ओळखही नाही. मला तो योग विलक्षण वाटला आणि अजूनही वाटतो.

सगळेच अभिप्राय एका दिशेचे नव्हते. आमच्या कार्यवाहांनी सूचनांची सरकती पट्टी वर असावी, अध्यक्षांचे मनोगत पहिल्या पडद्यावरच दिसावे आणि पानाला भेट देणाऱ्यांची संख्या दाखवावी, असे सुचवले. भाच्याचे मत होते की हाताने एचटीएमएल लिहिण्यापेक्षा मी वर्डप्रेस हे संकेतस्थळ तयार करण्याचे आयते सॉफ्टवेअर घ्यावे. दोघांचाही हेतू चांगला होता. सरकत्या पट्टीविषयी मी वाद घातला नाही. कार्यवाहांना परिचारिकाबाईंच्या शेजारी बसवले आणि दुसऱ्या एका संकेतस्थळावरची तशी पट्टी त्यांना वाचायला दिली. सूचना पूर्ण वाचून होण्याआधीच ती निघून जात होती, पुन्हा येण्याची वाट पाहावी लागत होती. कार्यवाहांनी स्वतःच ती सूचना मागे घेतली आणि आता त्या जागी एक साधी, स्थिर चौकट आहे. मनोगत काढले नाही, ते वेगळ्या पानावर नेले आणि वर त्याचा स्पष्ट नावाचा दुवा दिला. वर्डप्रेसचा सल्ला मात्र मी घेतला नाही, कारण त्याची अद्यतने आणि सुरक्षा सांभाळणे माझ्या एकटीच्या आवाक्यातले नव्हते, आणि जी एक फाइल मला ओळीन् ओळ समजते ती मी कोणावरही अवलंबून न राहता दुरुस्त करू शकते. अभिप्राय देणारा जाणकार आहे म्हणून त्याचा प्रत्येक सल्ला आपल्या परिस्थितीला लागू पडतो असे नाही, हे ठरवताना मला थोडे धैर्य गोळा करावे लागले.

दुरुस्त्यांचा क्रम मी वहीतल्या नोंदी मोजून लावला. ज्यामुळे माणूस काम सोडून देत होता ते आधी, जे फक्त डोळ्यांना खुपत होते ते नंतर. वेळा, सोमवारची साप्ताहिक सुट्टी आणि फोन क्रमांक सर्वांत वर आले. क्रमांकावर बोट ठेवताच फोन लागेल असा दुवा केला. वर्गणीचा फलक टंकून खरा तक्ता केला. छायाचित्रे सहाऐवजी तीनच ठेवली, त्यांची रुंदी १२०० पिक्सेल केली आणि प्रत्येकाला वर्णन दिले. वर्णन लिहिणे सोपे नव्हते. "वाचनालयाचा फोटो" असे मी पहिल्या छायाचित्राला लिहिले, तेव्हा संगीतशिक्षक म्हणाले, "फोटो आहे हे फोन सांगतोच. त्यात काय आहे ते सांगा." आता तिथे "बाजारपेठेच्या बाजूने दिसणारी दुमजली इमारत, प्रवेशद्वाराला तीन पायऱ्या आणि डावीकडे उतार" असे आहे, आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका सभासदांच्या मुलाने त्या वर्णनावरूनच आम्हाला उताराविषयी विचारले.

मजकुराच्या रंगाविषयी कोणी तक्रार केली नव्हती, पण पानाच्या परीक्षेच्या वेळी दोघे जण फोन खिडकीपासून दूर नेत होते असे माझ्या वहीत लिहिलेले होते. सीएसएसमध्ये मी तीन वेळा ९ लिहून होणारा फिकट राखाडी रंग दिला होता. पांढऱ्या पार्श्वभूमीशी त्याच्या उजळपणातल्या फरकाचे प्रमाण २.८५ ला १ भरते, आणि साध्या आकाराच्या मजकुरासाठी सुगम्यतेच्या, म्हणजे पान सर्वांना वापरता यावे यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत किमान ४.५ ला १ अपेक्षित आहे. ९ च्या जागी ३ लिहिल्यावर ते बारापेक्षा अधिक झाले. तीन अंक बदलायला काही क्षण लागले, पण ते बदलायचे आहेत हे कळायला उन्हात बसलेले दोन वाचक पाहावे लागले.

दुरुस्त पानावर मी पुन्हा तीच तीन कामे दिली, या वेळी दुसऱ्या पाच जणांना. रविवारची वेळ सगळ्यांनी पाच-दहा सेकंदांत सांगितली. वर्गणीच्या तक्त्यात मात्र एक नवीन अडचण निघाली: अनामत रक्कम परत मिळते की नाही हे तिघांनी विचारले. ते आम्ही भिंतीवरच्या फलकावरही कधी लिहिले नव्हते, कारण टेबलावर तोंडी सांगायची पद्धत होती. आता ते पानावर आहे आणि फलकावरही नव्याने रंगवून घेतले आहे.

नव्या पुस्तकांखेरीज जुनी संपूर्ण यादी अजून स्कॅन केलेल्या पानांच्या स्वरूपातच आहे. ती फोनला वाचता येत नाही, शोधालाही सापडत नाही. संगीतशिक्षकांनी मागच्या महिन्यात तिच्याविषयी विचारले, तेव्हापासून मी रोज संध्याकाळी पंचवीस नोंदी दाखलनोंदवहीतून टंकून चढवते. चरित्रे आणि आत्मचरित्रे संपली आहेत, नाटके चालू आहेत, आणि संगीतावरची पुस्तके त्यांच्या विनंतीवरून नाटकांच्या आधीच पूर्ण केली आहेत.